कोपराखाली काही नाही

तुमच्या घरचं माणूस हॉस्पिटलात असताना त्याला हात लावायला आलेल्या एकाला तरी तुम्ही कधी विचारलं आहे का, की हात धुतलेत?

खरं सांगा. रिपोर्ट आला का, हे विचारलं असेल. मोठे डॉक्टर कधी येणार, हे तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं असेल. हातांचं विचारलं नसेल. आपल्याकडे पाहुणा बाहेरून आला तर आपण त्याला पायावर पाणी घ्यायला सांगतो, तो कितीही मोठा असला तरी. डॉक्टरला हातावर पाणी घ्या म्हणायची रीत मात्र नाही. ती रीत पाडायची आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी नर्स आहे. ठाण्यात, माजिवड्याच्या पुलाजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या खोलीत मी काम करायचे. 'करायचे' का, ते पुढे येईलच. त्या खोलीला सगळे एनआयसीयू म्हणतात. आत कायम उबदार असतं, काचेच्या पेट्या असतात, ऊब देणारे उघडे वॉर्मर असतात, आणि त्यांत तळहाताएवढी माणसं असतात. त्यांची कातडी इतकी पातळ, की चिकटपट्टी काढताना आपण श्वास धरतो. अशा कातडीला सुया टोचायच्या, नाकातून पोटात नळी घालायची. म्हणजे बाहेरच्या जगाला आत शिरायला आपणच दारं करून द्यायची, आणि मग त्या दारांवर पहारा करायचा. नर्सिंग म्हणजे मुख्यतः हा पहारा. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

या बाळांना जंतुसंसर्ग झाला तर ती मोठ्यांसारखी तापाने फणफणत नाहीत. उलट गार पडतात. कालपर्यंत पचत असलेलं दूध पचेनासं होतं. रंग राखेसारखा होतो. मग एखादा श्वास घ्यायचा राहूनच जातो.

माझ्या लग्नाच्या थोडं आधी असा एक मुलगा आमच्या हातून गेला. शेजारच्या वॉर्मरवरच्या बाळालाही तोच जंतू निघाला. ते वाचलं. जंतूंना पाय नसतात. एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे जायला त्यांना आमचे हात लागतात. पण कुणाचे? लॅबचा रिपोर्ट जंतूचं नाव सांगतो, हाताचं सांगत नाही. कुठल्याही गुन्ह्याला साक्षीदार सापडतो, याला सापडत नाही. म्हणूनच हात धुण्याच्या बाबतीत सगळ्यांना इतकी शांत झोप लागते.

तो मुलगा गेल्यावर आमच्या इन्चार्ज सिस्टरने खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत कागद लावला. कोपराखाली काही नाही. घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगडी नाही, धागा नाही, लांब बाही नाही. कारण सोपं आहे. अंगठीच्या खाली आणि बांगडीच्या मागे पाणी पोचत नाही, साबण पोचत नाही, जंतू मात्र पोचतात.

आणि मग माझं लग्न झालं.

माहेर माझं डोंबिवलीचं, मानपाड्याकडचं. सासर कोलशेतच्या जुन्या गावातलं. सासरची माणसं आगरी. एके काळी त्यांची भातशेती होती, मिठागरं होती. आता शेताच्या जागी टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या सावलीत आमचं घर. लग्नाच्या आधी कासारणीने माझे हात दाबून, चोळून, कोपरापासून खाली हिरवा चुडा भरला. हात इतका बारीक करून त्या बांगड्या चढवल्या होत्या की त्या सहज उतरणारच नाहीत. उतरू नयेत, हीच तर कल्पना. सासूबाई शेजारी बसून प्रत्येक बांगडी निरखत होत्या. भरून झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, "आथा या आपसूक वाढतील तवाच. तोवर हात लावायचा नाय." बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे मलाही माहीत होतं.

रजा संपली. मी चुड्यासकट कामावर आले. तेव्हाच ती मुलगी आली होती. कल्याणहून, रिक्षात कळा सोसत आलेल्या एका बाईची. आमच्या खोलीतली त्या वेळची सगळ्यात लहान. तिच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीत, अजून काही निघालं नव्हतं आणि ते निघू नये, एवढंच आमचं त्या दिवसांतलं काम होतं. तिची आई रोज बाटलीत दूध काढून, मान खाली घालून दारात बसायची. कुणी "काय गं, आज किती?" विचारलं तर ती दुधाची बाटली वर धरून दाखवायची. बोलत नसे.

इन्चार्ज सिस्टरने माझे हात बघितले, आणि मला लिनन ठेवायच्या खोलीत घेऊन गेल्या. मला वाटलं, ओरडणार. त्यांनी कपाटातून क्रेप बँडेज काढलं.

"ये इकडे. असं गुंडाळून घ्यायचं, मनगटापासून कोपरापर्यंत. वाजत पण नाहीत, दिसत पण नाहीत. मी पण असंच केलेलं. सगळ्या नव्या नवऱ्या असंच करतात गं."

"पण मॅडम, दारावर लिहिलंय."

"बांगडी बँडेजच्या आत आहे ना? मग झालं."

त्यांनी इतक्या मायेने गुंडाळलं की मला नाही म्हणता आलं नाही. मी आत गेले, बेसिनवर हात धुतले. धुतल्यावर बँडेजची मनगटाकडची कड ओली झाली. एका बाळाचा लंगोट बदलला, पुन्हा धुतले, अजून ओलं. दुसऱ्याला नळीतून दूध दिलं. थेंबभर सांडलं ते बँडेजने प्यायलं. आता माझ्या दोन्ही हातांना कोमट, ओलं, दुधाळ कापड बांधलेलं होतं. जंतू वाढवायला लॅबवाले जी ताटली तयार करतात, तीही याहून वेगळी नसते. आणि ते घेऊन मी त्या कल्याणच्या मुलीच्या पेटीच्या खिडकीत हात घालणार होते.

मी नाही घातला. बाहेर आले, बँडेज सोडलं, आणि लिक्विड सोप ओतून बांगड्या ओढायला लागले. बऱ्याच निघाल्या. काही वाढल्या. एकीने मनगटावर चांगला चरा काढला. इन्चार्ज धावत आल्या.

"अगं वेडी का तू? आज लगेच? घरी काय सांगशील?"

"खरं सांगेन."

"खरं सांगून सासर चालत नाही, बाळा."

गंमत अशी की हातावर ताजी जखम असलेल्या नर्सला बाळांना हात लावता येत नाही. म्हणजे चुडा उतरवून शूर झालेली मी त्या दिवशी टेबलापाशी बसून फोन घेत होते. मावशी, म्हणजे आमच्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या बाई, जाता-येता हसत होत्या. "सिस्टर, लढाई जिंकली आणि सुट्टीवर गेल्या."

घरी मात्र कुणी हसलं नाही. सासूबाई दारात भाजी निवडत होत्या. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग माझ्या तोंडाकडे, मग पुन्हा हात.

"नवरा जिता हाय ना तुजा?"

"आहे की. मागेच येतोय, गाडी लावतोय."

"मंग बांगऱ्या कंच्या दुकानान इकल्या?"

मी सांगितलं. बाळांचं सांगितलं, गेलेल्या मुलाचं सांगितलं, ओल्या बँडेजचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण हात भाजी निवडतच होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आमी काय पोरा जन्माव घातली नाय? चुरा भरल्या हातानीच वारवली ना?"

"तुमची मुलं पूर्ण दिवसांची होती, आई. ती तुमच्या हातच्या जंतूंना पुरून उरली. ही नाही उरत."

"माजे हातान जंतू व्हते?"

इथे नवऱ्याने मध्ये पडून काहीतरी विनोद केला, तो फसला, आणि घरात अबोला सुरू झाला. माझ्यासाठी लांब बाह्यांचे दोन ब्लाउज शिवून आले. न बोलता माझ्या कपाटात ठेवले गेले.

मी ते घातले नाहीत. हट्टीपणा होता म्हणा, पण मला काही लपवायचं नव्हतं. लपवण्याच्याच मी विरोधात होते. काही दिवसांनी गल्लीत एका मुलाची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठं काम. मांडव, बँजो, अख्खं गाव. एका कोपऱ्यात धवलारिणी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायका, आणि सगळ्यांच्या नजरा नव्या सुनांवर. मी बिनबाह्यांसारख्याच आखूड बाह्यांचा ब्लाउज घालून, मोकळ्या हातांनी गेले. सासूबाई माझ्यापासून चार पावलं पुढे चालत होत्या, जणू आम्ही वेगवेगळ्या घरच्या.

पहिलीच बाई टपकली. सासूबाईंची लांबची जाऊ. "का गो, सुनेचे हात असं का? कोन गेला काय तुमचे घरान?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई वळल्या.

"माजी सून लहान लहान पोरा जगवते. तुजी सून काय करते? मोबाईल जगवते? हालद लाव आनि पुरं व्हय."

ती बाई पुढे गेली. माझा चेहरा उजळलेला बघून सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "हसू नको. मी माफ नाय केलंय तुला. भायेरच्यांनी बोलाचा नाय, येवराच."

एवढ्यावर मी खूश होते. मी माझ्या वाटणीचं केलं होतं. आता दारावरच्या कागदातला एक शब्दही माझ्यामुळे खोटा ठरत नव्हता.

मग एका सकाळी मोठे सर राउंडला आले.

सर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी यायचे. नाव मोठं, हात हलका, बाळांना बरं करण्यात वाकबगार. हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. त्यांच्या उजव्या हातात पुष्कराज, पोवळं आणि आणखी एक निळा खडा. मनगटावर लाल धागा, तो देवळातून बांधल्यापासून तसाच, आता तपकिरी झालेला. डाव्या हातात घड्याळ. दारावरचा तो कागद ढकलूनच ते दर वेळी आत येत असणार. मी आधी बघितलं नव्हतं, असं नाही. पण आधी माझ्या हातातही बारीकसं काहीतरी असायचं. आता नव्हतं. मोकळ्या हातांना दुसऱ्याचे भरलेले हात फार लवकर दिसतात.

ते थेट कल्याणच्या मुलीच्या पेटीपाशी गेले. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात दूध थोडं न पचता उरत होतं. काही असेल, काही नसेल. सरांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"ग्लोव्हज."

"सर, अंगठ्या."

"काय?"

"अंगठ्या, घड्याळ, धागा. ते काढून हात धुवा, मग देते."

ज्युनियर डॉक्टर एकदम मॉनिटर वाचायला लागला. सर हसले. वाईट हसले नाहीत, मजेत हसले.

"सिस्टर, या खड्यांमुळे तर मी इथवर आलो. हे काढले तर तुमचं हॉस्पिटल बसेल."

दोन सिस्टर हसल्या. सरांच्या विनोदाला हसायचं, ही ड्युटी कुणी लिहून न देताही सगळे करतात.

"दारात ट्रे आहे सर. खडे कोणी नेणार नाही."

"अहो, ग्लोव्हजच्या आतच राहणार ना ते? बाळाला कुठे लागणार आहेत?"

"ग्लोव्हज खड्याने फाटतात सर. आणि आमच्या बांगड्याही बँडेजच्या आतच होत्या."

"कुठल्या बांगड्या?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या राउंडसाठी ती खोली स्वच्छ असावी म्हणून दारात कोण काय उतरवून येतं, कुणाच्या घरी त्यावरून किती दिवस अबोला चालतो, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. मला तोवर राग आला नव्हता. त्या प्रश्नाने आला.

मी पेटीच्या खिडकीसमोर उभी राहिले. म्हटलं, "हिला हात लावायचा तर आधी हात."

सरांचा चेहरा बदलला. "इन्चार्जला माझ्याकडे पाठव," ते म्हणाले. 'पाठवा'चं 'पाठव' झालं होतं. ते मुलीला न तपासताच निघून गेले. ज्युनियर डॉक्टरने तपासलं, त्याचे हात धुतलेले होते, आणि त्याने फोनवरून सरांना सगळं सांगितलं. रक्त पाठवलं गेलं. मी त्या पेटीजवळच उभी होते. माझ्या हट्टापायी हिला मोठा डॉक्टर मिळाला नाही, हे खरंच होतं. तरी मी बाजूला झाले असते तर काय, याचं उत्तर मला त्या गेलेल्या मुलाने आधीच दिलं होतं.

दुपारी ऑफिसात बोलावलं. तिथले साहेब चांगले, गोड बोलणारे.

"सिस्टर, नियम बरोबर आहे. कोण चूक म्हणतंय? पण पद्धत असते. सरांना सॉरी म्हणा, विषय संपवा."

"कशाबद्दल सॉरी?"

"टोनबद्दल."

"टोन बदलते साहेब. वाक्य तेच ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून मला खाली पाठवलं. ओपीडीची इंजेक्शन रूम. कागदावर शिक्षा नाही, नुसती बदली. एनआयसीयूच्या मजल्यावर यायचं कारण नाही, असं तोंडी सांगितलं. ती मुलगी वर, आणि मी खाली.

नवरा एसी दुरुस्तीची कामं करतो. दिवसभर लोकांच्या भिंतींना टेकून उभा राहिल्यामुळे असेल, त्याला भांडण आवडत नाही. "सॉरी बोलून टाक ना यार. एक शब्द आहे."

"एकच शब्द आहे ना? मग त्यांनाच बोलायला सांग."

सासूबाई तोवर माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. त्या आतून आल्या.

"त्या डाक्टरनी काढल्यान अंगठ्या?"

"नाही."

"मंग तुज्या बांगऱ्या कला काढल्या?"

मी पर्स खुंटीला अडकवली.

"त्याचे हातान ऱ्हातात त तुजे बी ऱ्हावं दे. नाय त त्याच्या बी उतरव. अर्ध्यान सोरून आली व्हय?"

त्यांना जंतूंचं अजूनही पटलेलं नव्हतं. पण माझ्या चुड्याचा बळी गेला आणि त्या माणसाचा खडा हलला नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी उठून डोंबिवलीला वडिलांकडे गेले.

वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचं काम करायचे. मी पत्रकांवर वाढले. आमच्याकडे कपाटातल्या फळीवर पत्रकं अंथरलेली, डब्यांखाली पत्रकं, शाळेच्या वह्यांना कव्हर पत्रकांची. मला वाचायला शिकवलं ते 'कामगार बंधूंनो' या शब्दांनी. पत्रकं चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ कशी शिजवायची, हे मला वरण शिजवायच्या आधी येत होतं. वडिलांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ऑफिसात कशाला गेलीस भांडायला? ज्याचं नुकसान होतंय त्याच्याकडे जा."

"बाळांकडे?"

"आयांकडे, मूर्ख पोरी."

मी लिहायला बसले. मी पानभर लिहिलं. जंतू कसे पसरतात, साबण किती वेळ चोळायचा, अंगठ्या, ग्लोव्हज, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं. वडिलांनी पेन घेऊन काट मारली.

"पत्रकात एकच मागणी. दोन लिहिल्यास की मालक सोपी निवडतो."

शेवटी उरलं ते एवढं: आई, तुझ्या बाळाला जो कोणी हात लावेल, त्याला आधी विचार, हात धुतले का, कोपराखाली काही आहे का. नर्सला विचार, डॉक्टरला विचार, स्वतःच्या सासूला विचार. विचारायला लाज वाटू देऊ नकोस, बाळ तुझं आहे.

खाली मी 'एक सिस्टर' असं लिहिलं. त्यावरही काट बसली. "बेनामी पत्रक म्हणजे चहाडी. नाव लिही." मी पूर्ण नाव लिहिलं. सासरचं आडनावही.

झेरॉक्स काढून आणल्या. ड्युटी संपल्यावर, साधे कपडे घालून, हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. आयांना जेवण घेऊन येणाऱ्या आज्या, नवरे, नणंदा तिथूनच जातात. एका आजीने पत्रक घेतलं आणि त्यात पोळी गुंडाळली. एका बापाने विचारलं, "मॅडम, कुठल्या पार्टीचं?" मी म्हटलं, "साबण पार्टी." तो घेऊन गेला. कल्याणच्या बाईचा नवराही आला. मी त्याला दोन दिली.

ऑफिसातून बोलावणं आलंच. साहेबांसमोर पत्रक पडलं होतं. ते पुन्हा पुन्हा वाचत होते आणि त्यात पकडायला काही सापडत नव्हतं. "हे तुम्ही असं बाहेर वाटणं..."

"चुकीचं काय लिहिलंय ते सांगा, दुरुस्त करते."

"चुकीचं नाही, पण..."

"मग मला काढताना कारण लिहा. हात धुवा म्हणाली, म्हणून काढली. मी त्याचंही पत्रक काढेन."

त्यांनी मला काढलं नाही. वर परतही घेतलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मावशींनी खाली येऊन सांगितलेलं आहे. मावशी सांगतात तेव्हा दोन्ही पात्रं स्वतः करतात. सर राउंडला आले. कल्याणची ती बाई, जी कधी बोलत नसे, दूध घेऊन आत उभी होती. सर पेटीकडे वळले तशी ती मध्ये आली. "बाटली अशी छातीशी धरलेली सिस्टर," मावशी म्हणाल्या. आणि ती म्हणाली, "सर, हात धुतले का?"

कुणी हसलं नाही.

नर्सला 'पाठव' म्हणता येतं. आईला म्हणता येत नाही. सर दाराशी गेले. घड्याळ काढलं. अंगठ्या सहज निघेनात, पोवळ्याची तर बोटात रुतून बसली होती. इन्चार्ज सिस्टरने पुढे होऊन लिक्विड सोप दिला. धागा कात्रीने कापावा लागला, तोही त्यांनीच कापून दिला. सर बराच वेळ हात धूत होते.

"राग आला त्यांना?" मी विचारलं.

"आला की. पण रागात पण चांगले धुतले हो."

त्या मुलीच्या रक्तात काही निघालं नाही. दूध पचायला लागलं. ते माझ्यामुळे, तिच्या आईमुळे, की तिच्या नशिबानेच, हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. न झालेल्या आजाराचा रिपोर्ट येत नाही. आमच्या कामाला शाबासकी मिळत नाही ती यामुळेच.

हे इथे संपवता आलं असतं. पण काही आठवड्यांनी ती बाई मुलीला घेऊन माझ्या इंजेक्शन रूममध्ये आली, लस द्यायला. मुलीचे गाल भरले होते. बाहेर तोबा गर्दी होती. मी लस भरली, मुलीच्या मांडीकडे हात नेला, आणि त्या बाईने मुलीला मागे ओढलं.

"सिस्टर, हात धुतले?"

आधीचं बाळ झाल्यावर मी धुतले नव्हते. टेबलावरची सॅनिटायझरची बाटली सकाळीच रिकामी झाली होती. खोलीत बेसिन आहे, पण त्याची तोटी कित्येक दिवस बंद आहे आणि त्याच्यावर सलाईनची खोकी रचलेली आहेत. मी कितीदा सांगितलं, बघू म्हणाले. आणि बघू म्हणता म्हणता मीही तशीच कामाला लागले होते.

"नाही," मी म्हटलं. "थांब."

मी लस बाजूला ठेवली, रांगेला थांबायला सांगितलं, आणि पॅसेजच्या टोकाच्या बेसिनपर्यंत जाऊन धुऊन आले. रांगेतले लोक कुरकुरले. पुढच्या बाळासाठी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्यासाठीही. एक आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, अशाने संध्याकाळ होईल."

"होऊ द्या," मी म्हटलं. "उशीर का होतोय ते ऑफिसात जाऊन विचारा. म्हणावं, बेसिनवर खोकी आहेत."

आजोबा गेले. खरंच गेले. त्यांच्या मागून आणखी दोघं गेली. मी रोज प्रत्येक बाळामागे उठून जाते आहे, रांग रोज लांबते आहे, आणि ऑफिसात रोज कुणीतरी जाऊन विचारतं आहे. खोकी अजून तिथेच आहेत. मीही तिथेच आहे.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी तुम्ही दवाखान्यात जाल, सुई टोचून घ्यायला, ड्रेसिंग बदलायला, कुणाला भेटायला, तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्या खोलीतलं बेसिन शोधा. तोटी फिरवून बघा. पाणी येत नसेल, साबण नसेल, वर खोकी रचलेली असतील, तर समोरच्या नर्सवर ओरडू नका. ती बहुतेक तुमच्या आधीच ओरडून थकलेली असेल. उठा, ऑफिसात जा, आणि पाणी येईपर्यंत तिथून हलू नका.